छान म्हणजे चूक

"कुठे चुकलं?" तिने विचारलं आणि दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले.

आता मी काही चुकलं असं म्हणालोच नव्हतो. मी म्हणालो होतो, "छान." गेली एकोणीस वर्षं म्हणत आलोय तसंच, दिवसातून तीस-चाळीस वेळा, खिडकीबाहेर बघत. समोरच्या इमारतीला रंग द्यायचं काम चाललं होतं. दोन रंगारी परांचीवर पाय सोडून बसले होते आणि त्यातल्या एकाच्या बुटाची नाडी सुटलेली मला इथून दिसत होती. हा बूट खाली पडणार, असं मी मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात बहुधा वाजवणं संपलं आणि माझ्या तोंडातून छान निघालं. ते आपलं आपणच निघतं. शिंक आल्यासारखं.

"चुकलं कुठे? छान म्हणालो की मी."

"हो ना, म्हणून तर विचारतेय. तुम्ही छान म्हणालात म्हणजे चुकलंय. पण कुठे ते मला नाही कळलं."

तिच्या बोलण्यात ना टोमणा होता ना तक्रार. पुढची बस किती वाजता आहे, असं विचारावं तसं विचारलं. नऊ वर्षांची पोर. मनातल्या मनात मी तिला मुंगी म्हणतो, कारण तिची बोटं पट्ट्यांवरून एकामागून एक अशी चालतात की पियानोला पत्ता लागू नये. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी असं नाव ठेवलेलं आहे. एक घाईगर्दी आहे, एक जांभई आहे, एक हातोडा आहे. ही नावं माझ्यापाशीच राहतात आणि त्यात मला जरा मजाही वाटते. पोरंही माझ्याबद्दल काही ठरवून बसली असतील हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी विचारलं, असं कोण म्हणतं? ही माझी चूक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "सगळेच म्हणतात, सर," ती म्हणाली. सगळे म्हणजे दाराबाहेर बूट काढायला जो बाक ठेवलाय त्यावर आपली पाळी यायची वाट बघत बसणारे सगळे. आतलं सगळं तिथे ऐकू जातं. नवीन मूल आलं की जुनी मुलं त्याला समजावून सांगतात. नुसतं छान म्हणजे थोडंसं चुकलं. अरे वा, छान म्हणजे बरंच चुकलं. "आणि मस्तच, चला आता पुढचा धडा, असं म्हणालात की..." इथे ती थांबली. चांगल्या घरची मुलगी, मोठ्या माणसाला दुखवू नये हे तिला शिकवलेलं आहे.

"म्हणालो की काय?"

"की तुम्ही कंटाळलात."

माझे कान तापले. साठीच्या घरात आलेल्या माणसाचे कान असे तापू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी हसायचा प्रयत्न केला, पण तो हसण्याचा आवाज माझा मलाच आवडला नाही. मी विचारलं, "बरं, आणि मग बरोबर आलं की मी काय म्हणतो?" आता तरी काहीतरी माझ्या बाजूचं निघेल अशी आशा होती. ती म्हणाली, "काहीच नाही. बरोबर आलं की तुम्ही काहीच बोलत नाही. गप्प बसता." आणि मग खाली, पेडलांकडे बघत, थोड्या वेळाने म्हणाली, "माझं एकदाच झालंय."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कारण पोरांचं म्हणणं खरं होतं. अगदी शंभर टक्के. मी कधी तसं ठरवलं नव्हतं, पण खरोखरच काही चांगलं वाजायला लागलं की मी गप्प होतो, ऐकायला लागतो, आणि मधेच तोंड उघडून ते मोडायची भीती वाटते. छान हा शब्द मला लागतो तो पडणाऱ्याला टेकू द्यायला. चार वर्षं एक मुलगी दर बुधवारी माझ्यासमोर बसते आणि मनात मोजते, की आज किती छान आले. चार वर्षांत तिच्या वाट्याला एक गप्प बसणं आलं, आणि ते तिने जपून ठेवलं.

या गावात, म्हणजे आमच्या भागात, माझ्याबद्दल एक गोष्ट बोलली जाते. सरांकडची मुलं सोडून जात नाहीत. इतर ठिकाणी दुसऱ्या वर्षी निम्मी गळतात, माझ्याकडे पाच-पाच, सहा-सहा वर्षं टिकतात. आया एकमेकींना हे सांगतात आणि ते फिरून माझ्या कानावर आलं की मी "छे छे, मुलंच गुणी आहेत" वगैरे म्हणतो आणि दिवसभर फुगून बसतो. त्यासाठी मी काय काय केलंय! फासा टाकून जितके ठिपके येतील तितक्या वेळा ओळ वाजवायची. पाच गोट्या डावीकडून उजवीकडे सरकवायच्या. चिकटवायच्या चांदण्या, सोनेरी, चंदेरी आणि ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी हिरव्या. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे साथ. मुलाने एका बोटाने चार सूर वाजवायचे आणि मी शेजारी बसून खालच्या पट्टीत असं काही भरून वाजवायचं की ते चार सूरसुद्धा एखाद्या मोठ्या सभागृहातले वाटावेत. मुलाचे डोळे चमकतात, दारात उभ्या असलेल्या आईचे त्याहून चमकतात. वाजवलेलं असतं मी. हे सगळं मी एका शिबिरात शिकलो होतो. तीन दिवसांचं शिबिर, लहान मुलांना पियानोत रमवायचं कसं. शिकवणारी बाई गळ्यात मोठा गुलाबी रुमाल बांधून आली होती आणि तिने पहिल्याच तासाला सांगितलं की चूक हा शब्द आजपासून वर्गाबाहेर काढायचा. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं, दोनदा अधोरेखित केलं. मला तर तेच हवं होतं. माझ्या घरात तेव्हा चूक या शब्दाने जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं.

"ते तळ्यावरचं वाजवलं तेव्हा," मुंगी सांगत होती. तळ्यावर नावाचा एक दोन पानी तुकडा आहे पुस्तकात, तीन-तीनच्या तालाचा, संथ. "मागच्या महिन्यात. तुम्ही निळा स्वेटर घातला होता. मी पूर्ण वाजवलं, आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. मग मी परत वाजवलं, तरी तुम्ही काही बोलला नाहीत. मी घरी जाऊन आईला सांगितलं."

निळा स्वेटर म्हटल्यावर मला तो बुधवार आठवला. स्वेटरच्या खिशात फोन होता, तो थरथरला, आणि मी हळूच काढून मांडीवर ठेवून बघितला. मुलीचा निरोप होता. माझी मुलगी याच शहरात राहते, अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि फोनपेक्षा लिहिणं पसंत करते. तिने लिहिलं होतं: "बाबा, छोटीला पियानो शिकायचाय म्हणते. एका टीचरकडे घातलंय. तुमच्या मागच्याच रस्त्यावर आहे तो क्लास. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून सांगते." मी ते चार वेळा वाचलं. मागचा रस्ता म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा रस्ता. नात अर्धा तास प्रवास करून माझ्या घराच्या पाठीमागे येणार, दुसऱ्याकडे शिकणार, आणि परत जाणार. ते वाचत असताना माझ्या शेजारी कुणीतरी काहीतरी वाजवत होतं. एकदा वाजवलं, दोनदा वाजवलं. काय वाजवलं, कसं वाजवलं, देव जाणे. कदाचित खरंच सुरेख वाजवलं असेल. सांगणार कोण? ऐकायला खोलीत एकच माणूस होता आणि तो तिथे नव्हता.

"त्या दिवशी बरोबर होतं ना?" तिने विचारलं. आणि मग असं का विचारतेय तेही सांगितलं, कारण ती काही आडून विचारणारी नव्हे. ती पोहायलाही जाते. तिथे तिला आता वरच्या गटात घेतलंय, आणि वरचा गट नेमका बुधवारी, नेमका याच वेळेला. आई म्हणते, एक ना धड भाराभर चिंध्या असं नको, दोनातलं एक ठेव, तूच ठरव. "पोहण्याचं सोपं आहे," ती म्हणाली. "तिथे घड्याळ असतं. मागच्या वेळी एकावन्न सेकंद आले. पियानोचं मला कळत नाही. म्हणून ठरवता येत नाही. त्या दिवशी जर बरोबर असेल तर म्हणजे मला येतं, फक्त नेहमी येत नाही."

काय सांगायला हवं होतं हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. नंतर सुचलं वगैरे काही नाही. सांगायला हवं होतं की बाळा, मी ऐकतच नव्हतो. पाच शब्दसुद्धा नाहीत. पण ती माझ्याकडे बघत होती. आणि तिच्या मागे, बंद दाराच्या पलीकडे, बाकावर जांभई आणि घाईगर्दी कान देऊन बसले असणार. मी म्हणालो, "हो. अगदी बरोबर होतं."

ती हसली. चार वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, जाऊ दे, हसली ना पोर. अजून एक वर्ष टिकेल. हो, हेही वाटलं मला. खोटं कशाला बोलू.

त्या आठवड्यात मला घरात कुठे बसावं हे कळेना. बायको म्हणाली, "दुखतंय का काही?" नाही म्हणालो. "मग तोंड का असं केलंय?" तेव्हा मी तिला मुलांच्या शब्दकोशाची गोष्ट सांगितली, तीसुद्धा विनोद म्हणून, अर्धीच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मी जन्माचा तरबेज. ती हसता हसता खुर्चीत बसली. "बघा, पोरांनी पितळ उघडं पाडलं की नाही! म्हणून सांगत होते. आपल्या पोरीला रडवलंत आणि आता लोकांच्या पोरांना साखर वाटताय. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला." आणि मग माझा चेहरा बघून म्हणाली, "अहो, गंमत केली." पण तिने केली नव्हती, आणि ते दोघांनाही माहीत होतं. तिला तरी निम्मंच माहीत आहे. तिची समजूत अशी आहे की मुलगी कंटाळली, शाळेचा अभ्यास वाढला, आणि मी जरा कडक होतो म्हणून तिने पियानो सोडला. मी ती समजूत कधी मोडली नाही.

मुलीला शिकवताना मी छान म्हणत नसे. माझा शब्द दुसरा होता, पुन्हा. तिला कान होता. असा कान मी त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याही मुलात पाहिलेला नाही, आणि म्हणून मला वाटायचं की हिला साखरेची गरज नाही. ज्याच्यात काही आहे त्यालाच माणूस पुन्हा म्हणतो, असं माझं तत्त्व होतं. तत्त्वाला काय, पाय नसतात, ते कुठेही उभं करता येतं. ती आठ वर्षांची होती तेव्हाची एक दुपार. बायको नोकरीवर गेलेली. चार मात्रांचे चार तुकडे, डाव्या हाताचे, आणि त्यातला चौथ्या बोटाचा सूर दर वेळी जरासा दबत होता. मी पेन्सिलीने कागदावर रेघा ओढत होतो. पुन्हा. पुन्हा. चाळीसच्या पुढे रेघा गेल्या होत्या. ती मध्ये एकदा पाय जवळ घेऊन बसली, मी म्हणालो, सरळ बस. ती सरळ बसली. थोड्या वेळाने स्टुलाखाली लादीवर पाणी दिसलं. आधी मला कळलंच नाही की हे पाणी कुठून आलं. मग कळलं. तिने हात पट्ट्यांवरच ठेवलेले. मी आत गेलो, फडकं आणलं, लादी पुसली, स्टूल पुसलं, त्यावर एक टॉवेल घडी करून घातला, तिला त्यावर बसवलं. आणि म्हणालो, पुन्हा.

तिने वाजवलं. आणि त्या वेळी तो सूर बरोबर आला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, की तो सूर बरोबर आला आणि मला आनंद झाला. टॉवेलवर बसलेली माझी पोर, तिच्या फ्रॉकची मागची बाजू ओली, आणि मला आनंद झाला. महिन्याभरात तिने पियानोचं झाकण लावलं ते लावलंच. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती माझ्याशी चांगलं वागते, मला औषधं वेळेवर घ्या म्हणते, वाढदिवसाला भेट आणते. फक्त घरी आली की पियानोच्या खोलीत येत नाही. दारातूनच बोलते. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी सुधारलो, आता माझ्याकडची मुलं हसतात, टिकतात. सुधारलो कसला! तेव्हा मला सूर ऐकू येत होता आणि मूल दिसत नव्हतं. आता मूल समोर बसलेलं असतं आणि मी समोरच्या रंगाऱ्याचा बूट बघतो. दोन्ही वेळा स्टुलावर जी बसली होती ती एकटीच होती.

पुढच्या बुधवारी मुंगी वेळेआधी आली. बाकावर न बसता सरळ आत. "सर, मी पोहणं सोडलं," तिने सांगितलं, आणि पुस्तक उघडून तळ्यावरचं पान लावलं. तिच्या केसांना नेहमी तलावाच्या औषधाचा एक वास असायचा, चार वर्षं असायचा, इतका की बुधवार म्हटलं की मला तो वास आठवे. तो आज नव्हता. साबणाचा होता. मी म्हणालो, "सोडलं म्हणजे? अगदी नावच काढून टाकलं?" "हो. आईने शनिवारी अर्ज दिला. मी आता पियानोच करणार. तुम्ही बरोबर म्हणालात ना." तिने हात वर घेतले आणि वाजवायला सुरुवात केली.

मी ऐकलं. खुर्ची खिडकीकडून वळवून घेतली आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकलं. डावा हात उजव्याच्या मागून येत होता, प्रत्येक वेळी, जिना उतरताना लहान मूल एकाच पायरीवर दोन्ही पाय ठेवतं तसा. तिसरी मात्रा ती खातच होती. बोटं बरी होती, पण ती काय वाजवतात हे तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. आणि हे आजचं नव्हतं. तो डावा हात पहिल्या वर्षापासून मागून येत असणार, तेव्हा दोन महिन्यांत सुधारला असता, आणि त्यावर मी चार वर्षं साथ वाजवून, चांदण्या चिकटवून, छान छान म्हणत पांघरूण घातलं होतं. तिने संपवलं. हात मांडीवर ठेवले. आणि थांबली. मी बोलतोय की नाही याची ती वाट बघत होती. दोघंही काही बोललो नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हसू पुन्हा यायला लागलं. तेव्हा मात्र माझ्याने बघवेना.

"बाळा, ऐक. त्या दिवशी मी ऐकत नव्हतो."

"कुठल्या दिवशी?"

"निळ्या स्वेटरच्या. तू वाजवत होतीस तेव्हा मी फोन बघत होतो. तू काय वाजवलंस ते मला माहीत नाही. गेल्या बुधवारी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

ती रडेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तिने रडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला तिची समजूत घालता आली असती, आणि समजूत घालणं मला येतं. ती रडली नाही. ती विचार करत होती. "आणि आत्ता?" तिने विचारलं. "आत्ता ऐकलं," मी म्हणालो. "डावा हात मागून येतो. तिसरी मात्रा पूर्ण होत नाही. हे मी तुला पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं." तिने मान हलवली. पानाकडे बघितलं, डाव्या हाताकडे बघितलं, तो जरा उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडे वळून तिने फक्त एवढंच विचारलं, "सर, माझी पोहण्याची जागा भरली असेल का आता?"

आई बाहेर बाकावर होती. ती दातांच्या दवाखान्यात काम करते आणि तिथून तशीच येते, मास्कच्या दोऱ्यांचे वळ गालांवर घेऊन. मी तिला सांगितलं. जांभई आणि त्याचे वडील शेजारी बसलेले होते, त्यांच्यासमोरच सांगितलं, कारण बाजूला घेऊन सांगायला गेलो असतो तर मी वळणं घेतली असती हे मला ठाऊक होतं. ती ऐकत राहिली. ओरडली नाही. "सर, मी तुम्हाला चार वर्षं विचारत होते हो," ती म्हणाली. "दर वेळी विचारायचे, कशी आहे ही? तुम्ही म्हणायचात..." आणि ते काय ते तिने पूर्ण केलं नाही. मग घड्याळ बघून म्हणाली, "तलावाचं ऑफिस सहाला बंद होतं. चल गं, बूट घाल." आणि मला, जिन्यात वळून: "तुम्हीही चला."

जांभईचा तास बुडाला. तो खूश झाला असणार. आम्ही तिघं दोन रस्ते ओलांडून तलावावर गेलो. आत शिरताच माझ्या चष्म्यावर वाफ धरली, आणि तो वास, बुधवारचा वास, अंगावर आला. पाण्याचा, शिट्ट्यांचा, पोरांच्या किंचाळण्याचा आवाज छतावर आपटून परत येत होता. भिंतीला लागून लांबलचक बाक आणि त्यांवर टॉवेल मांडीवर घेतलेले पालक. ऑफिसच्या खिडकीमागच्या बाईंनी मुंगीला ओळखलं. "काय गं, विसरलं का काही?" आईने सांगितलं, परत यायचंय. बाईंनी वही उघडली, बोट फिरवलं, आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. "जागा सोमवारीच दिली हो. यादीत घालता येईल. आधी सात जण आहेत. अर्ज भरावा लागेल." अर्ज पुढे आला. नाव, वय, गट, आणि खाली दोन रिकाम्या ओळी, परत प्रवेश घेण्याचं कारण.

आईने वरचं सगळं भरलं. कारणापाशी आल्यावर तिने पेन खाली ठेवलं. "शनिवारी सोडायचा अर्ज भरला, त्यातही कारण होतं," ती मला म्हणाली. "मी काय लिहिलं माहितेय? पियानोत विशेष गती आहे, म्हणून." आणि तिने पेन माझ्यापुढे सरकवलं. "हे तुम्ही लिहा."

मी लिहिलं. वेळेची अडचण दूर झाली आहे. किती सफाईने लिहिलं, विचारही करावा लागला नाही. आईने वाचलं आणि अर्ज तसाच कठड्यावर ठेवला. मुंगीने टाचा वर करून, खिडकीच्या कठड्याला धरून वाचलं. तिला कळलं नसावं, तिने पुन्हा वाचलं. मग ती माझ्याकडे बघायला लागली, आणि त्या बघण्यात राग असता तर मी सोसला असता. ती नुसती थांबली होती, पुढे मी काय करतो ते बघायला. मी ती ओळ खोडली. दुसऱ्या ओळीत लिहिलं, आणि खाली सही केली, कारण तसं लिहिल्यावर सही तिच्या आईची असून चालणार नव्हतं.

खिडकीमागच्या बाईंनी चष्मा खाली ओढला. त्या प्रत्येक अर्ज मोठ्याने वाचून खात्री करून घेतात, तशी रीत असावी, आणि त्या गोंगाटात वर्षानुवर्षं बोलून त्यांचा आवाज शाळेच्या घंटेएवढा झालेला. नाव वाचलं, वय वाचलं, गट वाचला. "कारण," त्या म्हणाल्या आणि क्षणभर अडखळल्या, "पियानोचे शिक्षक मुलीशी खोटं बोलले. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

"मोठ्याने बोला हो. इथे काही ऐकू येत नाही."

मी मुंगीकडे बघितलं. ती तलावाकडे बघत होती, जिथे कुणीतरी नुकतीच उडी मारली होती आणि कठड्यावरचा माणूस हातातल्या घड्याळाकडे बघत होता.

"बरोबर," मी ओरडून म्हणालो, आणि बाकांवरचे सगळे पालक वळून माझ्याकडे बघायला लागले.